तारेच्या पुडीवरील नांव

आमच्या शाळेच्या वाद्यवृंदांत गेल्या वर्षीं एक लहानशी घटना घडली. तिच्यामुळें हा लेख लिहिण्याची पाळी आम्हांवर आली आहे. स्नेहसंमेलनास अवघे सहा दिवस उरले होते. तालीम चालू असतांना व्हायोलिन वाजविणाऱ्या चार मुलांपैकीं एकाची 'ए' तार तुटली. मुलगा वसतिगृहांतला, खेड्यांतून आलेला, आणि हाताचा मोठा गोड. तुटक्या तारेची रिकामी पुडी खिशांत घालून तो शहरांतील एका वाद्यांच्या दुकानीं गेला. पुडी पुढें केली असती तर सारें निभावलें असतें. पण मुलगा हुशार, म्हणून त्यानें कारखान्याचें नांव तोंडानें सांगितलें. इंग्रजी अक्षरें जशीं दिसलीं तशीं मराठी वळणानें वाचून तो म्हणाला, "थोमास्तिक." गल्ल्यावरील गृहस्थ हंसले. शेजारच्या गिऱ्हाइकाकडे पाहून त्यांनीं तें नांव पुन्हा एकदां तसेंच उच्चारून दाखविलें, आणि "थॉमस्टिक म्हणतात त्याला. आधीं नांव घ्यायला शीक, मग वाजव," असें म्हणाले. मुलगा तार न घेतांच परत आला.

दुसऱ्या दिवशीं संगीताच्या शिक्षकांनीं दुसरीकडून तार आणविली, संमेलन यथासांग पार पडलें, चारही व्हायोलिनें वाजलीं. पण त्या मुलानें त्यानंतर कोणत्याही परदेशी वस्तूचें नांव म्हणून घेतलें नाहीं. 'ती तार', 'ती राळ', 'तें स्टँड' असें तो बोलूं लागला. इंग्रजीच्या तासास मोठ्यानें वाचावयास सर्वांआधीं उभा राहणारा हा विद्यार्थी खालीं मान घालून बसूं लागला. एके दिवशीं संध्याकाळीं तो आमच्याकडे आला व म्हणाला, "सर, त्या नांवाचा खरा उच्चार तरी कोणता?"

आम्हांस तो ठाऊक नव्हता. तशी कबुली आम्हीं त्यास दिली, आणि मग शोधास लागलों. जें सांपडलें तें येथें मांडीत आहों. कारण ही अडचण त्या एकट्या मुलाची नव्हे, वाद्य हातीं धरणाऱ्या आपल्या सर्वांचीच आहे.

वाद्याच्या अंगोपांगांस मराठींत शब्दांची वाण नाहीं. ज्यानें वाजवावयाचें तो गज, तारा जीवर टेकतात ती घोडी, ज्या पिळावयाच्या त्या खुंट्या, गजाच्या केसांस लावावयाची ती राळ, आणि मेंढ्याच्या आतड्यापासून वळलेली जुन्या तऱ्हेची तार ती तांत. हार्मोनियमला तर आपण सरळ पेटी म्हणून मोकळे झालों. परंतु पुडीवर, डबीवर किंवा ठोकळ्यावर कारखानदाराचें जें नांव छापलेलें असतें त्याचें भाषांतर होत नाहीं. तें बहुधा कोणा एका माणसाचें आडनांव असतें. तें उच्चारावेंच लागतें.

आणि येथें आपली एक जुनी खोड आड येते. परदेशांतून आपल्याकडे जें जें आलें त्यांतील पुष्कळसें इंग्रजांच्या जहाजांतून आलें, म्हणून तें सारें इंग्रजीच, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. रोमन अक्षरें दिसलीं कीं त्यांना आपण इंग्रजीचे नियम लावतों. वस्तुतः रोमन लिपि ही अनेक भाषांची सामाईक मालमत्ता आहे. देवनागरी आपण व हिंदी लोक दोघेही वापरतों. पण 'चोर' हा शब्द पुणेकर व काशीकर सारखा उच्चारीत नाहींत, हें आपण जाणतों. तीच गोष्ट लंडनकर व व्हिएन्नाकर यांची.

आतां त्या तारेचाच विचार करूं. हा कारखाना ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील. फ्रान्त्स टोमास्टिक नांवाचे व्हायोलिन घडविणारे एक विद्वान् कारागीर व ओटो इन्फेल्ट या दोघांनीं तो १९१९ सालीं स्थापिला, म्हणून नांवही जोडनांव झालें. याच कारखान्यानें १९७० सालीं कृत्रिम तंतूचा गाभा असलेली 'डॉमिनंट' नांवाची तार काढली. तांतीचा मऊपणा तिच्यांत बराचसा उतरला, पण तांतीप्रमाणें दमट हवेंत सुरांतून उतरण्याची खोड तिला नव्हती. म्हणून ती जगभर पसरली, आणि पसरत पसरत आमच्या वसतिगृहापर्यंत आली. व्हिएन्नाची भाषा जर्मन. त्या भाषेंत 'टी' पुढें 'एच' लिहिला तरी उच्चार नुसता 'ट'. तो 'एच' केवळ शोभेचा. म्हणून 'टोमास्टिक'. 'इन्फेल्ड'च्या शेवटीं 'डी' लिहितात. परंतु शब्दाच्या अंतीं आलेले ब, ड, ग हे जर्मन माणसाच्या तोंडीं प, ट, क असे कठोर होतात, म्हणून 'इन्फेल्ट'. 'ओ'चा उच्चार ऑ नव्हे, आणि 'ए'चा उच्चार स्वच्छ आकार.

सुज्ञ वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, 'थ' दोघांचाही चुकला होता; दुकानदाराचाही आणि मुलाचाही. पण स्वर मुलाचे बरोबर होते. आकार जेथें आकार आहे तेथें त्यानें आकार म्हटला, ओकार तेथें ओकार. ज्याला हंसण्यांत आलें तो व्हिएन्नाच्या अधिक जवळ उभा होता.

हा केवळ योगायोग नव्हे. जर्मन व इटालियन या भाषांतील स्वर इंग्रजीपेक्षां आपल्या बाराखडीशीं अधिक जुळते आहेत. इंग्रजींत एकाच 'ए' अक्षराचे चार-पांच उच्चार होतात. या भाषांत तसें होत नाहीं. मराठी मुलानें अक्षरें सरळ मराठीप्रमाणें वाचलीं तरी बहुतेक काम भागतें. व्यंजनांच्या बाबतींतही आपलें भांडवल आपण समजतों त्याहून मोठें आहे. उदाहरणार्थ, मेट्रोनोम बनविणारा एक जर्मन कारखाना आहे, विटनर. जर्मन 'डब्ल्यू' म्हणजे शुद्ध व. इंग्रज तेथें ओंठांचा चंबू करतो व चुकतो. आपण नेहमींचा व म्हणतों व बरोबर ठरतों.

परंतु सर्वांत मौजेची गोष्ट 'झेड' या अक्षराची. जर्मन भाषेंत या अक्षराचा उच्चार झ नव्हे, तर 'त्स' असा होतो. आपल्या वृत्तपत्रांतून 'मोझार्ट' छापलेला ज्या थोर संगीतरचनाकाराचा उल्लेख असतो, तो त्याच्या घरीं 'मोत्सार्ट' होता. आतां हा 'त्स' म्हणजे कांहीं अपूर्व ध्वनि आहे काय? मराठींत च दोन आहेत, हें आपण व्याकरणांत शिकतों व विसरून जातों. 'चंद्र', 'चिमणी', 'चेहरा' यांतील एक च. आणि 'चाक', 'चूल', 'चोर' यांतील दुसरा, दांतांशीं जीभ लावून काढावयाचा. हा दुसरा च म्हणजेच जर्मन 'झेड'. हिंदी भाषिकांस तो सहसा साधत नाहीं, इंग्रजास शब्दाच्या आरंभीं तो जड जातो. मराठी मूल मात्र तो पाळण्यांतच शिकतें. मोत्सार्टच्या नांवांतील 'त्सा' आपल्या 'चाका'चाच आहे. लिपींत दोघांस एकच अक्षर असल्यामुळें आपल्याजवळ हा ध्वनि आहे याचीच आपणांस आठवण राहत नाहीं.

यांत एक खांचखळगा आहे, तोही सांगितला पाहिजे. ओफेनबाख या जर्मन गांवीं 'पिरास्ट्रो' नांवाचा तारांचा कारखाना आहे. १७९८ सालीं जॉर्जो पिरात्सी नांवाच्या एका इटालियन तार वळणाऱ्यानें त्याचा पाया घातला. पुढें पिरात्सी व श्ट्रोबेल या दोन आडनांवांच्या तुकड्यांपासून 'पिरास्ट्रो' हें नांव बनलें. याच कारखान्याच्या एका प्रकारच्या तारेवर 'एफा पिरात्सी' असें नांव असतें. 'पिरात्सी'मध्यें इटालियन भाषेचा जोड 'झेड' आहे व त्याचाही उच्चार 'त्स'च. येथें मराठी जीभ घसरते. आपल्या तोंडीं ईकार किंवा एकार पुढें आला कीं दुसरा च आपोआप पहिला होतो. 'त्याचा' म्हणून पाहा, मग 'त्याची' म्हणून पाहा. प्रत्यय एकच, पण जीभ दांतांवरून टाळूकडे सरकते. म्हणून 'पिराची' असें लिहूं नये व म्हणूं नये. त आणि स हीं दोन्ही अक्षरें स्पष्ट घ्यावीं.

त्याच कारखान्याची 'ऑयडोक्सा' म्हणून तांतीच्या गाभ्याची एक तार आहे. आपले वादक तिला 'युडोक्सा' म्हणतात. नांव ग्रीक धातूंपासून बनविलेलें, अर्थ सत्कीर्ति असा कांहींसा. पण कारखाना जर्मन, आणि जर्मन लोक 'ई' व 'यू' हीं अक्षरें एकत्र आलीं म्हणजे 'ऑय' म्हणतात.

मेट्रोनोमचा विषय वर निघाला. लय मोजण्याच्या या यंत्राचा एकस्वाधिकार योहान मेल्त्सेल याने १८१५ सालीं घेतला. जुन्या छापील स्वरलिपींच्या माथ्यावर दोन 'एम' व पुढें एक आंकडा असतो, तो 'मेल्त्सेलचा मेट्रोनोम' या शब्दांचा संक्षेप. नांवांत पुन्हा तोच 'त्स'. पण दुहेरी लंबकाची मूळ युक्ति ॲम्स्टरडॅमच्या विंकेल नांवाच्या कारागिराची, १८१४ ची. विंकेलचें नांव आज किती वादकांस ठाऊक आहे? आम्हांसही हा शोध करण्यापूर्वीं तें ठाऊक नव्हतें. यंत्रावर छापलेलें नांव हें नेहमीं न्यायानेंच छापलेलें असतें असें नाहीं.

'जे' या अक्षराविषयीं आमच्या वाचकांस फार समजावून सांगण्याचें कारण नाहीं. तें त्यांच्या नित्याच्या वाचनांत आहे. मराठी पवित्र शास्त्रांत आपण 'योहान' म्हणतों, 'याकोब' म्हणतों, 'यरुशलेम' म्हणतों. इंग्रजांचे जॉन, जेकब व जेरुसलेम आपण घेतले नाहींत. ज्यांनीं हीं नांवें मराठींत आणलीं त्यांनीं इंग्रजी प्रतीवर भिस्त न ठेवतां मूळ भाषांकडे नजर ठेविली. जर्मन, डच व डॅनिश या भाषांतही 'जे' म्हणजे य. व्हायोलिनहून मोठें असें 'चेलो' हें वाद्य वाजविणाऱ्यांस डेन्मार्कच्या 'यार्गर' तारा परिचित आहेत. त्यांना 'जारगर' म्हणणारा माणूस 'योहान' म्हणतांना मात्र अडखळत नाहीं, ही गंमत नव्हे काय?

माउथ ऑर्गनचें नांव घेतलें कीं 'होनर' हा कारखाना आठवतो. माटियास होनर या घड्याळजीनें तो १८५७ सालीं जर्मनींतील ट्रोसिंगेन या गांवीं सुरू केला. त्या नांवाच्या मध्यें एक 'एच' आहे, तो उच्चारावयाचा नसून आधींचा ओकार लांबविण्याची ती खूण आहे. 'होह्नर' असा दम लागल्यासारखा उच्चार करण्याची जरूर नाहीं.

फ्रेंच नांवांत याच्या उलट. तेथें लिहिलेलें पुष्कळ, म्हणावयाचें थोडें. व्हायोलिनच्या घोडीवर बारीक अक्षरांत एक शिक्का असतो, तो 'ओबेर' या घराण्याचा; शेवटचा 'टी' लिहिण्यापुरता. यांचें गांव 'मीरकूर', व्हायोलिनच्या धंद्यासाठीं शतकानुशतकें प्रसिद्ध. त्याच्याही शेवटचा 'टी' मुका. बँडमधील क्लॅरिओनेटवर 'ब्युफे' हें नांव आढळतें, तेथेंही तोच प्रकार. मुके वर्ण गाळण्याची संवय झाली कीं फ्रेंच नांवें निम्मीं सोपीं होतात.

आपल्या जिभेची एवढी तरफदारी केल्यावर तिची मर्यादाही सांगणें प्राप्त आहे. स्वरलिपीचे कागद ठेवण्याचीं जीं घडीचीं स्टँडें येतात, त्यांवर 'क्योनिग व मायर' या जर्मन जोडीचें नांव असतें; कारखाना १९४९ चा. 'क्योनिग' असें आम्हीं लिहिलें खरें, पण तें खरें नव्हे. 'ओ'च्या डोक्यावर तेथें दोन टिंबें आहेत, आणि तो स्वर ओंठ ओकारासारखे गोल करून एकार म्हटल्यावर निघतो. शेवटचा 'ग'ही पुष्कळ जर्मन लोक श व ख यांच्या मधल्या एका ध्वनीनें म्हणतात. हे दोन्ही ध्वनि आपल्या भाषेंत नाहींत व आपल्या लिपींत त्यांस अक्षर नाहीं. येथें ज्याच्या त्याच्या जिभेला साधेल तितकें म्हणावें. त्यांत कमीपणा नाहीं. जर्मन माणसास आपला ळ म्हणावयास सांगून पाहावें.

सर्वांत लांबचा प्रवास केलेलें नांव मात्र जर्मनही नव्हे व फ्रेंचही नव्हे. बँडमध्यें ज्या मोठ्या पितळी दिसणाऱ्या थाळ्या वाजवितात, त्या झांजाच. अमेरिकेंतील एका नामांकित जातीच्या झांजांवर जें नांव असतें तें आमचे ड्रम वाजविणारे विद्यार्थी कोणी 'झिल्डजियान', कोणी 'झिल्दियान' असें वाचतात. एकानें तर 'झिंदाजान' केलेलें आम्हीं ऐकलें आहे. उच्चार 'झिल्जन'. या नांवाची फोड अशी. तुर्की भाषेंत 'झिल' म्हणजे झांज. 'जि' हा प्रत्यय 'तें काम करणारा' या अर्थाचा. आणि शेवटचें 'यान' हें आर्मेनियन लोकांच्या आडनांवाचें चिन्ह, 'त्याच्या वंशांतला' अशा अर्थाचें. म्हणजे झांजा घडविणाऱ्याचे वंशज. आपल्याकडील कासार, तांबट हीं जशीं धंद्यावरून पडलेलीं नांवें, तसेंच हें. आपल्या पोवाड्यांतील शाहिराच्या मागची 'झील' ऐकूनही हाच शब्द आठवेल, पण तिचा याच्याशीं संबंध जोडूं नये.

या घराण्याचा मूळ पुरुष अवेदिस हा इस्तंबूल येथें राहणारा आर्मेनियन कारागीर. कारखान्याचें स्थापना-वर्ष म्हणून घराणें १६२३ साल सांगतें. त्या वेळीं आपल्याकडे शिवाजी महाराजांचा जन्मही झाला नव्हता. ऐंशी भाग तांबें व वीस भाग कथील, म्हणजे आपलें कांसेंच. परंतु तें कसें ओतावें कीं ठोकतांना फुटूं नये, ही युक्ति बाप मुलास सांगे व बाहेर कोणास सांगत नसे. पुढें घराण्याची एक शाखा अमेरिकेस गेली व १९२९ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांत तिनें कारखाना घातला. नांवांत 'डी' व 'जे' हीं अक्षरें एकत्र आहेत तीं फ्रेंच वळणाचीं. तुर्कस्तानांतील नांवें त्या काळीं फ्रेंच पद्धतीनें रोमन लिपींत लिहीत. फ्रेंच भाषेंत नुसत्या 'जे'चा उच्चार आपला ज होत नाहीं, म्हणून आधीं 'डी' घालावा लागतो. 'डी' निराळा म्हणावयाचा नसतो. एवढें कळलें म्हणजे 'झिल्डजियान' आपोआप गळून पडतें.

१९८१ सालीं या घराण्यांत वांटणी होऊन एका भावानें कॅनडांत निराळा कारखाना काढला. घराण्याचें नांव लावण्याचा मार्ग त्यास मोकळा नव्हता, तेव्हां सॅली, बिली व अँडी या आपल्या तीन मुलांच्या नांवांचीं पहिलीं अक्षरें घेऊन त्यानें 'सेबियन' हें नांव बनविलें. भाऊबंदकी आपल्याकडेच असते असें नाहीं.

येथवर आम्हीं असें गृहीत धरलें कीं मूळ देशाचा उच्चार तोच खरा. पण शोधाच्या ओघांत आम्हांस असेही लोक भेटले कीं ज्यांनीं आपल्या नांवाचा उच्चार स्वतःच बदलला. गिटारच्या तारांवर 'द'डारियो' नांव दिसतें. हें कुटुंब मूळचें इटलींतील अब्रुत्सी प्रांतांतल्या साले या गांवचें. तांत वळणें हा त्या गांवचा पिढीजात धंदा. इटालियन उच्चार 'दाद्दार्यो'. विसाव्या शतकाच्या आरंभीं हें घराणें न्यूयॉर्कला गेलें, आणि आज त्यांचे वंशज स्वतःच अमेरिकन धाटणीनें 'डडेरियो' म्हणतात. त्यांना जाऊन 'तुमचें नांव तुम्ही चुकीचें घेतां' असें कोणीं सांगावें? तुताऱ्यांच्या मुखाग्रांसाठीं प्रसिद्ध असलेले व्हिन्सेंट बाख यांचीही तीच कथा. १८९० सालीं व्हिएन्नाजवळ जन्मले तेव्हां आडनांव होतें श्रोटेनबाख. न्यूयॉर्कला येऊन त्यांनीं त्याचें शेपूट तेवढें ठेविलें, व १९१८ सालीं मुखाग्रें कातावयास आरंभ केला. अमेरिकन वादक 'बाक' म्हणतात. त्यांस ख येत नाहीं. आपणांस येतो, तेव्हां आपण 'बाख' म्हणावें.

आणि रॉबर्ट मूग! विद्युत् शक्तीनें सूर निर्माण करणारें यंत्र १९६४ च्या सुमारास सिद्ध करून ज्यांनीं संगीताच्या जगांत क्रांति केली, त्यांचें नांव दोन 'ओ' घालून लिहितात. इंग्रजी शिकलेला माणूस त्यास 'मूग' म्हणणार, आणि आम्हीही वर तसेंच लिहून गेलों. पण ते स्वतः 'मोग' म्हणणें पसंत करीत. त्यांच्यापुरता वाद तेथेंच संपला. आपल्या गोमंतकीय बंधूंस तर हा उच्चार विसरतांच येणार नाहीं, कारण कोंकणींत 'मोग' म्हणजे प्रेम. 'मूग' म्हणणाऱ्यांनीं मूग गिळून बसावें.

म्हणजे कसोटी देशाची नव्हे, माणसाची. नांव ज्याचें त्यानें तें कसें घेतलें हें आधीं पाहावें. तें कळत नसेल तर त्याच्या भाषेचे नियम लावावे. इंग्रजीचे नियम इंग्रजांच्या नांवांस पुरे.

जपानी नांवांनीं या बाबतींत आपणांस फारसा त्रास दिलेला नाहीं. १८८७ सालीं हामामात्सु गांवच्या एका प्राथमिक शाळेंतील नादुरुस्त ऑर्गन दुरुस्त करण्यास तोराकुसु यामाहा नांवाच्या कारागिरास बोलाविलें, आणि त्यांतून त्याच्या मनांत स्वतः ऑर्गन बनविण्याचें आलें. आजचा प्रचंड कारखाना त्यांतून उभा राहिला. 'यामाहा' हें नांव आपण जसेंच्या तसें म्हणतों. दुसरे एक जपानी कारखानदार काकेहाशी यांनीं तर १९७२ सालीं आपल्या कारखान्यास मुद्दाम 'रोलंड' असें परकें नांव दिलें, कां, तर तें कोणत्याही देशांतल्या गिऱ्हाइकास सहज म्हणतां यावें. दूरदृष्टीचें आम्हांस कौतुक वाटतें. पण काकेहाशी हें नांव लोकांनीं शिकलें असतें तर जगाचें कांहीं बिघडलें नसतें, असेंही वाटतें.

आपल्या देशांतही हें घडलें आहे. पॅरिसच्या दबॅं यांनीं १८४२ सालीं हार्मोनियमचा एकस्वाधिकार घेतला. तें वाद्य खुर्चीवर बसून पायांनीं भाता मारीत वाजवावयाचें. त्याला बैठकीवर हातानें भाता मारण्याजोगें रूप देण्यांत कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांचा मोठा वांटा आहे. १८७५ सालीं त्यांनीं पेढी काढली. लंडनच्या डॉकिन्स नांवाच्या कारखानदाराकडून ते वाद्यें आणवीत, आणि द्वारकानाथ व डॉकिन्स यांचें मिश्रण करून पेढीचें नांव 'द्वारकिन' झालें. बंगाली माणूस, बंगाली हात, पण पाटीवर नांव साहेबासारखें. त्या काळीं तसें केल्याशिवाय गिऱ्हाईक विश्वास टाकीत नसे. त्यांना दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

आज वारा थोडा फिरला आहे. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक निर्देशांक मिळाला, म्हणजे त्या गांवचें नांव त्या वाद्यांवर कायद्यानें कोरलें गेलें. परदेशांतला कोणी विद्यार्थी तंबोऱ्याच्या भोपळ्यावर रोमन अक्षरांत तें नांव वाचून 'मिराज' म्हणेल, कोणी 'मायरज' म्हणेल. आपण त्यास हंसणार कीं 'मिरज' म्हणून दाखविणार?

व्यवहाराची गोष्ट राहिली. दुकानीं जातांना रिकामी पुडी बरोबर न्यावी, आणि तारेचा सूर व वाद्याचें माप कागदावर लिहून न्यावें. बऱ्याच चुका उच्चाराच्या नसून मापाच्या असतात, व पाऊण आकाराच्या व्हायोलिनची तार पूर्ण आकाराच्या व्हायोलिनवर नीट बसत नाहीं. शाळेच्या साहित्याच्या नोंदवहींत हीं नांवें यंदापासून आम्हीं रोमन अक्षरांबरोबर देवनागरींतही लिहावयास लावलीं आहेत, नांवाच्या मालकास ऐकूं गेलें तर वळून पाहील अशीं. 'त्स'पाशीं एका लहान मुलानें समासांत चाकाचें चित्र काढून ठेविलें आहे.

दिवाळीच्या सुटीनंतर त्या मुलाची तार पुन्हा झिजली. आम्हीं चिठ्ठी देऊं केली. ती त्यानें घेतली नाहीं. तो त्याच दुकानीं गेला. परत आल्यावर त्यानें जी हकीकत सांगितली ती अशी. "मी म्हणालों, काका, टोमास्टिकची 'ए' तार द्या. ते म्हणाले, थॉमस्टिक म्हणायचंय का तुला? मी म्हटलं, होय काका, तीच. तिकडे व्हिएन्नाला टोमास्टिक म्हणतात. मग त्यांनीं पुडी काढली, चष्मा लावून तिच्यावरचं नांव बराच वेळ वाचलं, आणि पैसे सांगितले."

"हंसले का?" आम्हीं विचारलें.

"नाहीं, सर," तो म्हणाला, आणि तार खुंटीला चढवूं लागला.